रंगारगल्लीत रंगारी शोधताना

आमच्या गावी येणारा पाहुणा ठरलेले प्रश्न विचारतो. वेरूळला जायला किती वेळ लागतो? अजिंठ्याला मुक्काम करावा लागतो का? त्यातून वेळ उरलाच तर मकबरा आणि पाणचक्की. आणि हे सगळं उरकल्यावर, "गावात अजून काय आहे हो बघण्यासारखं?" मी दर वेळी एकच उत्तर देतो: गुलमंडी. पाहुण्याचा चेहरा पडतो. बाजार काय बघायचा? बाजार तर सगळीकडेच असतो.

असतो, मान्य. पण आमचा बाजार नुसता बघायचा नाही, वाचायचा आहे. म्हणजे अक्षरशः पाट्या वाचायच्या. गुलमंडी म्हणजे फुलांची मंडई. तिला लागून रंगारगल्ली. पलीकडे कासारी बाजार. औरंगपुऱ्याच्या अंगाला कुंभारवाडा. मछली खडकवरून सिटी चौकात या, तिथून सराफ्यातून शहागंजला निघा. आणखी आत शिरलात तर बारूदगर नाला, म्हणजे दारूगोळा करणाऱ्यांची वस्ती. एखाद्या जुन्या वाड्यात भिंतीवर गेलेल्या माणसांचे फोटो लावलेले असतात ना, तशी ही नावं आहेत. फक्त इथं माणसाऐवजी एकेक धंदा टांगलाय.

मागच्या दिवाळीच्या आधी मी मुद्दाम एक दुपार काढून हा सगळा टापू पायी फिरलो. दिवाळीच्या आधी गुलमंडीत चालणं म्हणजे चालणं नसतंच, गर्दी तुम्हाला नेईल तिकडं जायचं असतं. पिशव्या, स्कूटर, हातगाडी, कडेवरचं पोर, "ओ दादा, बाजू बाजू", आणि या सगळ्याच्या वर सुपारी हनुमानाच्या देवळातली घंटा. माझा उद्देश अगदी साधा होता. गल्लीच्या पाटीवर जो कारागीर आहे, तो गल्लीत आहे का?

रंगारगल्लीत मला रंगाची एकही भट्टी दिसली नाही. तयार माल भरपूर होता. कासारी बाजारात बांगड्या होत्या, भांडी होती, पण ती दुसरीकडून बनून आलेली. भांडं ठोकण्याचा आवाज कुठं येतो का म्हणून मी कान देऊन उभा राहिलो, तर मोबाइलच्या दुकानातलं गाणं ऐकू आलं. नावं जागेवर होती, हात गेले होते. मग हे हात इथं आले कुठून आणि गेले कुठं, हा प्रश्न डोक्यात बसला. त्याचं उत्तर शोधता शोधता मी जिथं पोचलो ती जागा थेट आफ्रिकेत निघाली.

हे शहर वसवलं एका हबशी माणसानं, हे आपल्याकडे पुस्तकात असतं पण डोक्यात नसतं. मलिक अंबर. जन्म १५४८च्या सुमाराचा, आजच्या इथिओपियातला. लहानपणीचं नाव चापू. पोर असतानाच गुलाम म्हणून विकला गेला. लाल समुद्राकाठच्या मोखा बंदरात, मग बगदादमध्ये, असा हातोहात विकला जात जात तो दख्खनला आला. निजामशाहीचा पेशवा चंगीझखान यानं त्याला विकत घेतलं. हा चंगीझखान स्वतः हबशी, आणि स्वतःही एके काळचा गुलाम! म्हणजे ज्यानं पुढे इथं एवढी मोठी पेठ उभी केली, तो माणूस आयुष्याच्या सुरुवातीला स्वतःच बाजारातला माल होता. हे वाक्य लिहितानाही थांबायला होतं.

१६१० मध्ये त्यानं खडकी नावाच्या खेड्यात निजामशाहीची राजधानी आणली तेव्हा तो साठी ओलांडलेला होता. नवं गाव वसवताना माणूस आधी काय करतो? किल्ला बांधतो, राजवाडा बांधतो. अंबरनं तेही केलं. १६१२चा भडकल दरवाजा आजही उभा आहे. पण त्याचं खरं काम जमिनीखाली आहे. गावाच्या उत्तरेला डोंगर आहेत, त्यांच्या पोटातलं पाणी हेरून त्यानं भुयारी नहर खणवली. ना मोट, ना रहाट. जमिनीला जो नैसर्गिक उतार आहे त्या उतारानंच पाणी यायचं, मध्ये मध्ये हवा सुटायला आणि दाब मोडायला दगडी मनोरे, आणि पुढं खापरी नळांतून ते हौदाहौदांत फिरायचं. हीच ती नहर-ए-अंबरी. पुढच्या काळात हीच पद्धत वापरून आणखी नहरी झाल्या, पाणचक्कीची नहरही त्याच घराण्यातली.

आता मजा बघा. रंगाऱ्याला काय लागतं? पाणी. कागद करणाऱ्याला? पाणी. सूत धुणाऱ्याला, कातडं कमावणाऱ्याला, माती मळणाऱ्या कुंभाराला? पाणीच. मराठवाड्यासारख्या कोरड्या मुलखात बारमाही वाहतं पाणी दिलं की कारागिराला दवंडी पिटून बोलवावं लागत नाही. अंबरच्या नव्या गावातल्या पुऱ्यांना मालपुरा, खेलपुरा, परसपुरा, विठापुरा अशी नावं होती, ती मालोजी, खेलोजी, परसोजी, विठोजी या भोसले सरदारांवरून पडली असं सांगतात. आज हे पुरे नकाशावर सापडत नाहीत. कारण हे गाव एकदा नाही, दोनदा उद्ध्वस्त झालं. १६१६ मध्ये रोशनगावच्या लढाईनंतर मोगलांनी खडकी जाळली, आणि १६२१ मध्ये शाहजादा खुर्रमच्या फौजेनं पुन्हा. दोन्ही वेळा अंबरनं ती पुन्हा उभी केली. जहांगीर बादशहाला या माणसाचा इतका राग होता की त्यानं आपण अंबरच्या तोडलेल्या मुंडक्यावर बाण मारतोय असं चित्र काढून घेतलं. चित्रातच. प्रत्यक्षात अंबर कधी हाती लागला नाही. १६२६ मध्ये तो आपल्या मरणानं गेला आणि खुलताबादला त्याची कबर आहे.

पुढचा हिशोब आपल्या ओळखीचा आहे. अंबरचा मुलगा फतेहखान यानं गावाला फतेहनगर म्हटलं. १६५३ मध्ये दख्खनचा सुभेदार म्हणून दुसऱ्यांदा आलेल्या औरंगजेबानं औरंगाबाद म्हटलं. १६८०नंतर तो बादशहा म्हणून दख्खनेत उतरला, १६८२ मध्ये गावाभोवती तट आला, आणि मोगलांकडच्या राजपूत सरदारांवरून जयसिंगपुरा, कर्णपुरा, पदमपुरा, पहाडसिंगपुरा, भावसिंगपुरा असे पुरे पडले. ही नावं मात्र टिकली. लाखांच्या छावणीला कपडा लागतो, भांडी लागतात, दागिने, जिनं, हत्यारं, बारूद, कागद सगळं लागतं. आमच्या बाजाराचा तो सगळ्यात मोठा सुगीचा काळ असणार. १७०७ मध्ये औरंगजेब गेला. मग १७२४ पासून निजामाचं राज्य आलं, पण त्याचं बस्तान आधी इथंच होतं. १७६३ मध्ये निजाम अलीनं राजधानी हैदराबादला नेली आणि गावातला दरबारच उठून गेला.

दरबार उठून जातो तेव्हा कोण जातं? सरदार जातो, मुनशी जातो, गवई जातो. माग कसा नेणार? हिमरू विणण्याचा जुना माग हा जमिनीत खड्डा करून बसवलेला असतो, घराचाच एक भाग असतो तो. भट्टी कशी नेणार? चाक, गिऱ्हाइकीची उधारी, मातीची जागा, पाण्याचा हौद हे कसं उचलणार? कारागीर मागं राहतो. आणि आमच्या भागात हे तर आधीही घडलेलं होतं. परंपरा अशी सांगते की १३२७ मध्ये मुहंमद तुघलकानं राजधानी दिल्लीहून दौलताबादला आणली, त्या लोंढ्याबरोबर विणकर आले, कागदी आले. तुघलकाचं मन काही वर्षांत बदललं आणि दरबार दिल्लीला परत गेला. विणकर आणि कागदी इथंच राहिले. खुलताबादच्या वाटेवरचं कागजीपुरा हे गाव त्या कागद्यांचं. पुढं पेशवाईच्या दप्तरांतसुद्धा दौलताबादी कागद वापरला जायचा. तुघलकाच्या लहरीला आपण आजही हसतो, आणि त्या लहरीपायी आलेल्या माणसांच्या हातचा कागद चारशे वर्षांनी पुण्यातले कारकून वापरत होते!

त्या दुपारी फिरता फिरता मी जुन्या शहरातल्या एका हिमरूच्या दुकानात शिरलो. गल्ल्यावर एक वयस्क गृहस्थ होते. मी म्हटलं, "चाचा, हातमागाची शाल दाखवा." त्यांनी समोर तीन शाली टाकल्या आणि मलाच विचारलं, "इनमें से हाथ की कौनसी है, बताओ." मी तिन्हींवरून हात फिरवला, जाणकारासारखं तोंड केलं. तिन्हींवर तीच फुलं, तीच वेल, तीच झळाळी. चाचा हसले. "सीधी बाजू सब की अच्छी होती है, बेटा. उलटी करके देखो."

उलटी करून बघितली. हिमरूत पाया सुताचा असतो आणि नक्षी रेशमाच्या जादा बाण्यानं भरतात. जिथं फूल नाही तिथं ते रेशीम मागच्या बाजूनं मोकळंच पुढं जातं. त्यामुळं हातच्या हिमरूच्या पाठीवर रेशमाचा एक मऊ, सैलसर थर तयार होतो. पुढून दिसणाऱ्या एका फुलासाठी मागून किती धागा गेलाय ते तिथं कळतं. बाकीच्या दोन शालींची पाठ वेगळी होती, साफ, कातरलेली. यंत्रमागाच्या. चाचांनी ते लपवलंही नाही. म्हणाले, गिऱ्हाईक किंमत विचारतं आणि ही उचलतं, मी तरी काय करू?

हिमरू हा शब्दच मुळात नकलेचा आहे. फारसी 'हमरूह' म्हणजे सारखा दिसणारा. सोन्याचांदीच्या तारेचा किनखाब ज्याला परवडत नाही त्याच्यासाठी सुताच्या पायावर रेशमाची नक्षी. तरीही हे काही रोजच्या वापरातलं कापड नव्हतं. पूर्वी एका मागावर दोन माणसं लागत. एक विणणारा आणि दुसरा वर बसून नक्षीचे धागे ओढणारा, बहुतेक घरातलाच पोरगा. एवढ्या मेहनतीचं कापड घ्यायचं कुणी? हैदराबादच्या दरबारातल्या मंडळींनी. त्यांच्या शेरवान्या हिमरूच्या असत. १७६३ मध्ये दरबार गेला तरी गिऱ्हाईक तुटलं नव्हतं, ते हैदराबादला राहून इथला माल मागवत होतं. म्हणून १८८४च्या औरंगाबाद जिल्ह्याच्या गॅझेटिअरमध्येही इथल्या किनखाबाची, हिमरूची, मश्रूची दखल आहे.

खरा घाव नंतर बसला. १७ सप्टेंबर १९४८ला हैदराबाद संस्थान भारतात आलं. आपण मराठवाड्याची माणसं हा दिवस मुक्तिदिन म्हणून साजरा करतो, आणि तो साजरा करण्यासारखाच आहे. ज्यांनी रझाकारांचे दिवस बघितले त्यांच्याशी बोललं की हे वेगळं सांगावं लागत नाही. १९४९ मध्ये जहागिरी गेल्या, त्याही जायलाच हव्या होत्या. पण जहागिरीबरोबर शेरवानी गेली आणि शेरवानीबरोबर विणकराची ऑर्डर. जुलमी व्यवस्था मोडली की तिच्यावर पोट असलेला निरपराध माणूसही कोसळतो. त्याचा कुणी हिशोब मांडत नाही, कारण मांडला तर आपण मुक्तीच्या विरोधात आहोत असं वाटेल की काय, ही भीती. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात, एवढंच मला म्हणायचंय.

पुढं पर्यटक आले. १९८३ मध्ये अजिंठा-वेरूळ जागतिक वारसा यादीत गेलं, आणि हिमरू शेरवानीची शाल झाली, शालीचं स्टोल झालं, उशीचा अभ्रा झाला. त्याच सुमाराला, १९८५ मध्ये, वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला. गावात महिन्याच्या पगाराची सवय लागली. मागावर बसून नजर घालवण्यापेक्षा पोराला आयटीआयला घालावं असं एखाद्या बापाला वाटलं, तर त्याला नावं ठेवायची कुणी? मी तर नाही ठेवणार. मीही पगारदारच.

या सगळ्या वाचनात एक दूरचं शहर भेटलं. पश्चिम आफ्रिकेतलं, नायजेरियातलं कानो. (अंबर पूर्व आफ्रिकेतला, हे शहर पार दुसऱ्या टोकाला, त्यामुळं थेट नातं काही नाही.) कानोलाही जुना तट आहे, दरवाजे आहेत. हौसा भाषेत दरवाजाला 'कोफर' म्हणतात, म्हणजे आपल्या पैठण गेट, दिल्ली गेट, रोशन गेटसारखीच तिथली ठिकाणं 'कोफर' अमुक आणि 'कोफर' तमुक. तिथला कुरमी बाजार पंधराव्या शतकातला, मुहंमदू रुम्फा या राजानं वसवलेला. अरुंद बोळ, चामड्याचं काम, टोपल्या, कापड, आणि मुंगीला शिरायला जागा नाही अशी गर्दी. त्या भागातलं कमावलेलं चामडं उंटांवरून सहारा ओलांडून मोरोक्कोमार्गे युरोपात जायचं, आणि युरोप त्याला म्हणायचा मोरोक्को लेदर. नाव व्यापाऱ्याच्या गावाचं, हात भलत्याच गावचा!

पण मला अडवलं ते तिथल्या रंगाऱ्यांनी. कोफर माता या दरवाजाजवळ जमिनीत खोदलेली निळीची कुंडं आहेत. ती १४९८ पासूनची असं सांगतात. आणि त्यातली काही कुंडं आजही चालू आहेत. पाचशे वर्षांत तिथंही राजे बदलले, इंग्रज आले आणि गेले, बाहेरून स्वस्त छापील कापड आलं, पुष्कळ कुंडं ओस पडली. तरी त्यांची रंगारगल्ली अजून थोडीतरी रंगाऱ्यांची आहे. का? माझ्या परीनं मला सापडलेलं उत्तर असं. तिथलं निळं कापड राजा घालायचा तसं साधा माणूसही घालायचा. वाळवंटातले तुआरेग लोक डोक्याला गुंडाळायला ते घ्यायचे. गिऱ्हाईक एका दरबारात बसलेलं नव्हतं, ते रस्त्यावर होतं.

आणि हे उत्तर आपल्या बाजारात ताडून बघता येतं. त्या दुपारी सगळ्या पाट्यांमध्ये एकच पाटी खरी निघाली, कुंभारवाड्याची. तिथं रस्त्याच्या कडेला पणत्यांच्या राशी होत्या. कुंभाराला कधी कुठल्या बादशहानं शेरवानीची ऑर्डर दिली नाही, त्याला जहागिरी नव्हती, म्हणून ती जाण्याचं दुःखही नव्हतं. त्याला काय होतं? अक्षय्य तृतीयेची करा-केळी, पोळ्याचे मातीचे बैल, नवरात्रातला घट, दिवाळीच्या पणत्या, उन्हाळ्याचा माठ. दर घरी थोडं थोडं, दर वर्षी. त्याचीही स्थिती काही फार ऐटीची नाही, पण गल्लीच्या नावाला तो अजून जागून आहे. ज्या गृहिणी दहा रुपयांसाठी त्याच्याशी घासाघीस करतात, त्यांनीच त्याला साडेतीनशे वर्षं तगवलंय.

सराफ्यात आणखी एक गंमत झाली. एका दुकानाच्या माडीवर, जिथं प्रत्यक्ष दागिना घडतो, तिथून बोलण्याचे आवाज येत होते आणि भाषा बंगाली होती. हजार-दीड हजार किलोमीटरवरून पोरं इथं येऊन सोन्यावर बारीक काम करताहेत, कारण इथं लग्नं होतात, आणि लग्नात सोनं लागतं. मला एकदम अंबर आठवला. इथिओपियातून विकत विकत आलेला तो, दिल्लीहून हाकलत आणलेले विणकर, आणि आपल्या पायांनी, रेल्वेचं तिकीट काढून आलेली ही पोरं. आमचा बाजार आजही लांबून हात बोलावतो. तेवढ्यापुरता तो जिवंत आहे.

२०२३ मध्ये आमच्या शहराचं नाव अधिकृतपणे छत्रपती संभाजीनगर झालं. खडकीपासून मोजलं तर हे चौथं नाव. नावावरून दोन्ही बाजूंनी किती वर्षं भांडण चाललं ते तुम्हाला माहीत आहे, मी त्यात पडत नाही. माझं लक्ष वेगळ्याच गोष्टीकडे गेलं. शहरांना नावं सत्ता देते, पुऱ्यांना सरदार देतात, पण गल्ल्यांना नाव कामावरून पडतं. रंगारगल्लीचं नाव बदला म्हणून कधी कुणी मोर्चा काढला नाही. आणि रंगारी गेला तेव्हाही कुणी काढला नाही.

कारागिराचं कौतुक करायला आपल्याला फार आवडतं. वारसा म्हणतो, महोत्सव भरवतो, मागापुढं उभं राहून फोटो काढतो. अंबरनं कौतुक केलं होतं की नाही ते ठाऊक नाही. त्यानं पाणी आणलं. बाकीचं गिऱ्हाइकानं केलं. चारशे वर्षांत या हिशोबात काही बदललंय असं मला वाटत नाही.

असो. शाल मी घेतली, पाठीवर रेशीम सुटलेली तीच. इतर दोन्हींच्या कितीतरी पट महाग होती. बायको म्हणाली, "एवढ्यात तीन आल्या असत्या." आल्या असत्या खऱ्या. मी तिला ती उलटी करून दाखवली. तिनं त्या सैल धाग्यांवरून बोटं फिरवली, थोडा वेळ काही बोलली नाही, आणि मग म्हणाली, "हे अडकून ओढलं जाईल हं, अस्तर लावून घ्यायला हवं."